खाडी कुठंय यात?

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ऐरोलीच्या जेट्टीवरून फ्लेमिंगो बघायला निघालेल्या बोटीत मी बसले होते. मांडीवर भाड्याने आणलेली 150-600 ची लेन्स होती. लेन्सचे हे आकडे मिलिमीटरचे, आकडा जितका मोठा तितकं दूरचं मोठं दिसतं. जवळजवळ दोन किलोची ती नळकांडी मी तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, कारण धक्का लागला तर काय भरावं लागेल याचा कागद आदल्या संध्याकाळीच सही करून दिला होता. भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांमधून वर चढत होतं. खाडीचा तो वास, खारट, गंधकाचा, थोडा कुजका, पहिली दहा मिनिटं नाकाला झोंबतो आणि मग कधी जाणवेनासा होतो ते कळतही नाही. पुलावरून मुलुंडकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज हळूहळू मागे पडला. एका वळणावर बोटवाल्याने इंजिन बंद केलं आणि समोर, उथळ पाण्यात, ते उभे होते. लहान रोहित, शेकड्यांनी. डोकं खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळत होते. इतके पक्षी एकत्र असूनही आवाज मात्र दुरून ऐकू येणाऱ्या बाजारासारखा, पुटपुटता. बोटीतली बडबडी मुलंसुद्धा गप्प झाली.

माझा कॅननचा 700डी कॅमेरा आणि ती अजस्र लेन्स. पूर्ण 600 वर नेऊन मी एकच पक्षी धरला. त्याचा तांबडा डोळा, गडद चोच, चोचीच्या टोकावरून सुटणारा थेंब. मागे नुसता राखाडी, लोण्यासारखा मऊ पडदा. दहा वर्षांत माझ्या हातून असा फोटो निघाला नव्हता. परतताना बोटवाल्याने सहज विचारलं, "दाखवा की ताई, काय आलं ते." मी कॅमेरा त्याच्याकडे दिला. त्याने ओला हात शर्टाला पुसला, स्क्रीनवर उन्हाची चमक पडू नये म्हणून तळहाताचा आडोसा केला आणि बराच वेळ बघितलं.

"पक्षी मस्त आलाय, ताई. पण खाडी कुठंय यात?"

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. त्याला खरंच प्रश्न पडला होता. या पाण्यात त्याचा बाप जाळं टाकायचा, हे त्याने जातानाच सांगितलं होतं. 2015 मध्ये इथे अभयारण्य झालं, 2022 मध्ये ठाणे खाडीचं नाव जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, रामसरच्या यादीत लागलं, त्याच्या किती तरी आधीपासून त्याच्यासाठी ही जागा म्हणजे चिखल, भरती-ओहोटीचं गणित, कोणत्या खांबापाशी बोट रुतते ते ठिकाण. माझ्या फोटोत त्यातलं काहीच नव्हतं. तो पक्षी गुजरातेतला, आफ्रिकेतला, कुठल्याही पाण्यातला चालला असता. मी हसून कॅमेरा परत घेतला आणि काहीतरी बोलले. पण घरी जाऊन लेन्स पुसून, खोक्यात घालून, परत द्यायला निघाले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

न जाण्याचं कारण असं की त्याच आठवड्यात मला एक निर्णय घ्यायचा होता. भिशी लागली होती आणि आधीची थोडी पुंजी धरून हातात 75,000 रुपये होते. कॅमेऱ्यासाठी एवढी रक्कम मी आयुष्यात पहिल्यांदाच बाजूला काढली होती. बँकेतली नोकरी, ऐरोली ते ठाणे रोजची लोकल, रविवारी पाठीवर कॅमेऱ्याची बॅग, अशी माझी गेली दहा वर्षं गेली. 2014 मध्ये घेतलेला 700डी, सोबत आलेली 18-55 ची किट लेन्स आणि नंतर घेतलेली 55-250, एवढाच संसार. आता नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घ्यायचा की चांगली लेन्स घ्यायची? फोटो काढणाऱ्या कोणालाही विचारा, एका दमात उत्तर येतं. "बॉडी येते-जाते, पैसे ग्लासमध्ये घाल." बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, ग्लास म्हणजे लेन्स. हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की ते मंत्रासारखं झालंय. आणि ते बहुतांशी खरं आहे, म्हणूनच त्याच्या आत शिरून बघावंसं वाटत नाही.

मी शिरून बघितलं. कागद-पेन घेऊन बसले. माझा कॅमेरा 18 मेगापिक्सेलचा आणि मनात होता तो कॅननचाच मिररलेस आर 10 साधारण 24 चा. आकडा मोठा वाटतो, पण फोटोच्या एका बाजूवर वाढणारे पिक्सेल जेमतेम पंधरा टक्के. उलट 250 वरून 600 ला गेलं की पक्षी जवळजवळ अडीचपट मोठा येतो. दूरच्या पक्ष्यासाठी लेन्सला पर्याय नाही, हे गणितच सांगतं. पण मग दुसरी बाजूही प्रामाणिकपणे लिहिली. माझा कॅमेरा सेकंदाला पाच फोटो काढतो, नवा पंधरा काढतो. माझ्याकडे फोकसचे नऊ ठिपके आहेत. थवा उडाला की मी त्यातला एक ठिपका पक्ष्यावर ठेवायला धडपडते आणि तेवढ्यात थवा पुलापलीकडे जातो. नवा कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो आणि धरून ठेवतो. ज्यांनी बॉडी घेतली आणि एका रात्रीत त्यांचे उडत्या पक्ष्यांचे फोटो सुधारले, अशा दोघांना मी ओळखते. तेव्हा बॉडीला उगाच नावं ठेवायची नाहीत, असं मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

त्या कागदाच्या कडेला मी आणखी एक शब्द लिहिला होता, तो आज बघितल्यावर मलाच नवल वाटतं. नौपाडा.

आत्याचं घर नौपाड्यात होतं, घंटाळी मंदिरापासून दोन गल्ल्या आत. दुमजली इमारत, लाकडी जिना, तिसऱ्या पायरीचा कुरकुर आवाज, खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातून दुपारी येणारा मेतकुटाचा वास. सुट्ट्यांमध्ये आम्ही सगळी भावंडं तिथे. संध्याकाळी तलावपाळीवर चक्कर, येताना भेळ, आणि रात्री गच्चीवर अंथरुणं. स्वयंपाकघर आतल्या अंगाला होतं, एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. तिथे भर दुपारीही दिवा लावावा लागे. आत्या म्हणायची, "या अंधारातच माझे पदार्थ चांगले होतात, उजेडात मीठ चुकतं." भिंतीत एक कोनाडा होता, त्यात देव. चाळीस वर्षं निरांजनाची काजळी बसून कोनाड्याची वरची कमान काळी झाली होती. दर दिवाळीला आत्या सगळं घर रंगवून घ्यायची, तेवढी कमान सोडून.

2019 मध्ये इमारत पुनर्बांधणीला गेली. सामान आधीच हललं होतं. शेवटच्या संध्याकाळी आत्या म्हणाली, "देवांना घेऊन जायचंय, चल माझ्याबरोबर." मी कॅमेरा घेऊन गेले. विजेचा मीटर काढून नेलेला. जिन्यात मोबाइलचा उजेड धरून आम्ही वर चढलो. रिकाम्या घरात पावलांचा आवाज वेगळाच येतो, आपणच परके आहोत असा. आत्याने पिशवीतून निरांजन काढलं, वात लावली, कोनाड्यात ठेवली आणि हात जोडून उभी राहिली. मी दारातच थांबले. तिथूनच 55 पर्यंत झूम केलं आणि फोटो घेतले, बारा की तेरा.

एकही आला नाही. त्या टोकाला किट लेन्स 5.6 च्या पुढे उघडत नाही. हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते आणि तितका जास्त प्रकाश आत येतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, 6400 वर ताणूनही शटर 1/8 वर आलं होतं. एक अष्टमांश सेकंद म्हणजे हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी फार मोठा काळ, आणि वात हलत होती, आत्याच्या पदराची कड हलत होती, तिचे ओठ हलत होते. फोकस अंधारात पुढे-मागे चाचपडत राहिला. फ्लॅश होता, पण तो उघडायला माझा हातच गेला नाही. त्या उजेडात कोनाडा दिसला असता, अंधार दिसला नसता. घरी येऊन संगणकावर बघितलं तर करड्या दाण्यांच्या समुद्रात एक पिवळा धब्बा आणि त्याच्या शेजारी माणसासारखी सावली. त्यानंतर दीड महिन्यात इमारत पडली.

तेव्हापासून माझ्या मनात नव्या बॉडीचं पक्कं झालं होतं. रात्री स्वच्छ फोटो देणारा कॅमेरा. तो असता तर ती संध्याकाळ हाती लागली असती, असं मी पाच वर्षं धरून चालले. या वेळी, बोटवाल्याच्या प्रश्नानंतर, मी पहिल्यांदा तेही मांडून बघितलं. त्याच आकाराच्या सेन्सरची नवी बॉडी अंधारात एक, फार तर दीड स्टॉप देते. म्हणजे प्रकाश दुप्पट-तिप्पट असल्यासारखा. आतच स्थिर करणारी यंत्रणा असेल तर माझे हात सावरले असते, पण आत्याचे ओठ आणि वातीची ज्योत कशी थांबली असती? तेच 5.6 ऐवजी 2 पर्यंत उघडणारी लेन्स असती तर प्रकाश जवळजवळ आठपट. 1/8 च्या जागी 1/60. तेवढ्यात उभं राहून प्रार्थना करणारं माणूस थांबतं. जुन्याच कॅमेऱ्यात थांबलं असतं. तशी एक पन्नासची छोटी लेन्स तेव्हा आठ-नऊ हजारांत मिळत होती आणि मी ती घेतली नव्हती, कारण मी बॉडीसाठी पैसे साठवत होते.

हे कागदावर आल्यावर पेन खाली ठेवलं.

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती पैशांची नव्हती. मी झूम केलंच नसतं, 18 वरच राहिले असते, तर तीच किट लेन्स 3.5 पर्यंत उघडली असती. अडीचपट प्रकाश तिथेच, माझ्या हातात होता. फक्त त्यासाठी आत जावं लागलं असतं. पाच पावलं. आत्याच्या शेजारी, निरांजनाची ऊब लागेल इतकं जवळ. मी दारात थांबले, कारण तिच्या त्या क्षणात शिरायची मला परवानगी आहे की नाही, ते कळत नव्हतं. लांबून घेतलं की आपण तिथे नसल्यासारखे असतो. बोटीतही मी हेच केलं होतं, फक्त तिथे ते योग्य होतं, पक्ष्यांपासून लांबच राहायला हवं. घरात मात्र लांब राहून मी आत्यालाही हुकले आणि घरालाही.

आतोबांचा कॅमेरा आठवला तो याच दिवसांत. आत्याचे यजमान कुवेतला होते काही वर्षं, तिथून त्यांनी कॅननचा एई-1 आणला होता, सोबत पन्नासची 1.8. लहानपणी आम्हाला त्याला हात लावायची बंदी होती. रोल भरताना ते पाठ फिरवून, देवपूजेला बसल्यासारखे बसायचे. त्यांच्या पिढीला बॉडी की लेन्स हा प्रश्न फारसा पडतच नसेल, कारण बॉडी म्हणजे एक चांगली अंधाराची डबी, आणि खरा कागद म्हणजे रोल. कमी उजेड असेल तर 400 चा रोल घाला, झालं. सेन्सरच दर छत्तीस फोटोंना बदलला जायचा. 1976 मध्ये बाजारात आलेला तो कॅमेरा म्हातारा व्हायचं कारणच नव्हतं. आतोबा गेल्यावर तो आत्याच्या लोखंडी कपाटात, रेक्झिनच्या पेटीत पडून होता. नौपाड्याहून घोडबंदर रोडच्या भाड्याच्या घरात, आणि आता कायमच्या एकोणिसाव्या मजल्यावर, तीन घरं त्याने बघितली.

मला वाटलं, हाच तोडगा. "लेन्स आयुष्यभराची" म्हणणारे हे सांगत नाहीत की 1987 मध्ये कॅननने माउंटच, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तो सांधाच, बदलला आणि आतोबांच्या लेन्ससारख्या असंख्य लेन्स एका रात्रीत पोरक्या झाल्या. माझ्या 700डी वर ती नीट बसत नाही. मधे रिंग घातली तरी दूरचं दृश्य फोकसमध्ये येत नाही, कारण लेन्स आणि सेन्सर यांतलं अंतर जुळत नाही. पण मिररलेसमध्ये आरसाच नसल्याने ते अंतर निम्म्याहून कमी झालंय, आणि एका साध्या ॲडॉप्टरने ती जुनी लेन्स पुन्हा चालू शकते. फोकस हाताने फिरवायचा एवढंच. म्हणजे नवी बॉडी घेतली तर आतोबांची लेन्स जिवंत होणार होती. बॉडी घेण्यासाठी याहून चांगलं कारण मला सापडलं नसतं. मी आत्याकडून ती पेटी आणली. रेक्झिन उघडलं तसा कापूर, गंज आणि जुन्या चामड्याचा वास आला. नवी बॅटरी घातली. शटर दाबलं. खट्कन् वाजलं, स्वच्छ, ठणठणीत.

दुरुस्तीवाल्याने लेन्स हातात घेतली, मागून टॉर्च मारला आणि मला बोलावलं. "या बाजूने बघा." काचेच्या आत, कडेपासून मध्यापर्यंत, बारीक पांढऱ्या फांद्या पसरल्या होत्या. थंडीत काचेवर दहिवर धरावं तशा, किंवा भिजट भिंतीवर शेवाळाची जाळी यावी तशा. सुंदर दिसत होत्या, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण दिसत होत्या. बुरशी. आपल्याकडचे पावसाळे, बंद कपाट, रेक्झिनची पेटी आणि अंधार, तिला आणखी काय हवं? "उघडून साफ करता येईल," तो म्हणाला, "पण तिने कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहणार. वापरात असती तर नसती झाली. उजेड लागत राहायला हवा." मी विचारलं, सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या असत्या तर? तो म्हणाला, त्यासुद्धा बदलायच्या असतात, ताई, वर्षानुवर्षं त्याच ठेवून उपयोग नाही. येणारी, जाणारी म्हणतात ती बॉडी ठणठणीत होती आणि आयुष्यभराची म्हणतात ती काच आंधळी झाली होती. येताना दिघा गाव स्टेशनवर लोकल थांबली तेव्हा मी पेटी मांडीवर घट्ट धरून बसले आहे, हे माझ्या लक्षात आलं.

मार्चअखेरीस मी पुन्हा एकदा बोटीत बसले. या वेळी फक्त किट लेन्स लावून. बोटवाला दुसरा होता. 18 वर ठेवून फोटो घेतला, तर त्यात चिखल आला, तिवरं आली, विजेचे उंच मनोरे, पलीकडच्या इमारतींची करडी रांग, वर जाणारी एक घार, आणि या सगळ्याच्या मधोमध कोणीतरी बोटाने कुंकू ओढावं तशी एक बारीक गुलाबी रेघ. पक्षी एकही ओळखू येत नव्हता. फोटो म्हणून तो फार चांगला आहे असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारीतला तो डोळ्याचा फोटो जास्त चांगला आहे, आणि तो मला अजूनही हवाच आहे. या दुसऱ्या बोटवाल्याला मी फोटो दाखवला नाही. ज्याला दाखवायचा होता तो त्या दिवशी नव्हता.

शेवटी मी 35 ची, 2 पर्यंत उघडणारी लेन्स घेतली, जुनी, एकाने वापरलेली. घेण्याआधी दुकानात मीच मोबाइलचा टॉर्च मागून मारून काच बघितली. उरलेले पैसे तसेच ठेवलेत. टेली, म्हणजे दूरचं टिपणारी लेन्स, हवी तेव्हा भाड्याने आणता येते, उडते पक्षी हुकले तर हुकू देत, निदान काही वर्षं. पन्नासची न घेता पस्तीसची घेतली, कारण माझ्या छोट्या सेन्सरवर पन्नासची ऐंशीसारखी वागते आणि आपल्या घरांमध्ये तेवढं मागे सरायला जागा नसते, पाठ भिंतीला टेकते. पस्तीसची साधारण डोळ्यांएवढंच बघते. तिला झूम नाही. जवळचं हवं तर जवळ जावं लागतं.

घेतली त्याच रविवारी आत्याकडे गेले. एकोणिसावा मजला, खिडकीतून एकीकडे येऊरचा डोंगर, खाली मेट्रोचे खांब. घरात इतका उजेड की संध्याकाळी सहा वाजताही सावली पडत नाही. देव्हारा संगमरवरी दिसणाऱ्या फळीचा, त्याला आतून एलईडीची माळ. आत्या निरांजन लावायला आली, माझ्या हातातला कॅमेरा बघून थांबली, आणि मी काही सांगायच्या आत भिंतीशी जाऊन तिने सगळी बटणं एकेक करून बंद केली. देव्हाऱ्याची माळसुद्धा.

"अगं आत्या, कशाला?"

"तुला अंधार लागतो ना. तेव्हा काही आलं नव्हतं, आठवतंय मला."

मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिने ते फोटो कधी मागितलेही नव्हते. तिने काडी ओढली. गंधकाचा वास, मग तुपाचा. मी आत गेले, तिच्या डाव्या हाताला, दीड हातावर. ज्योतीची ऊब माझ्या मनगटाला लागत होती. पुटपुटणं स्पष्ट ऐकू येत होतं, आतोबांचं नाव त्यात होतं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. 2, 1/60, तोच दहा वर्षांचा कॅमेरा. तीन फोटो घेतले आणि थांबले.

नमस्कार झाल्यावर तिने अंधारातच कॅमेरा मागून घेतला, चष्मा वर सरकवून बघितलं. तिच्या पापण्या आल्या होत्या, कपाळावरची शीर आली होती, ज्योतीचं टोक आलं होतं. मागे देव्हाऱ्याची कमान, पांढरी, स्वच्छ.

"छान आलाय," ती म्हणाली. बोट कमानीवर ठेवलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं. "आपला कोनाडा काळा होता, नाही?"

मग तिने ट्यूब लावली.